लव्हिनियाबाईंचे सात निरोप

ज्या गावाबद्दल लिहिते आहे त्याचं नाव मी सांगणार नाही. पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेला आहे, नदीकाठी आहे, एवढं पुरे. तिथल्या अग्निशामक दलाने मला मोठ्या मनाने माफ केलं आहे. पण नाव छापून त्यांना उगाच आठवण कशाला करून द्या?

आम्ही निघालो ते न्यू जर्सीतल्या आयसेलिनहून. माझी मुलगी मेघना तिथे राहते. ऑक्टोबरचा शेवट, दिवाळी आठवड्यावर आलेली, आणि आमच्या मायलेकींत चार दिवसांचा अबोला. मेघनाच्या महाराष्ट्र मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम पुढच्या शनिवारी होता. तिने मला न विचारता पत्रिकेत माझं नाव टाकलं, आणि मी ते तिला काढायला लावलं.

"आई, दोन पदं गं. फक्त दोन. सगळे विचारतायत मला."

"शब्द दिलाय मी," मी म्हणाले. ती तोंड फिरवून ऑफिसच्या मीटिंगला बसली.

शब्द कसला ते सांगते. मी वसुधा, सांगलीची. चाळीस वर्षं नाट्यसंगीत गायले. या फेब्रुवारीत सांगलीत माझी निरोपाची मैफल झाली, आणि 'यापुढे मी जाहीर गाणार नाही' असं मी माइकवर, पूर्ण शुद्धीत, सांगितलं. संयोजक आपट्यांनी शाल, श्रीफळ आणि मानपत्र दिलं. मानपत्रात माझ्या तेजस्वी तारसप्तकाचा तीनदा उल्लेख होता. श्रीफळाच्या मी दुसऱ्याच दिवशी वड्या केल्या.

खरं कारण मात्र मानपत्रात नव्हतं. त्याआधी डिसेंबरात कऱ्हाडला वरचा सा लावताना माझा आवाज फुटला. चक्क फाटला. आणि पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी टाळी वाजवली. दयेची टाळी! गाणाऱ्याला शिवी परवडते, ती टाळी परवडत नाही. विंगेत दामूअण्णा, माझे पेटीवाले, चाळीस वर्षांचे साथीदार, हळूच म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी काळी तीन घेऊ या का?"

पेटीच्या काळ्या पट्ट्या मोजून गाणारा आपल्या आवाजाची उंची सांगतो, चपलेचा नंबर सांगावा तशी. माझी काळी पाच. आयुष्यभर काळी पाच. तिथून खाली उतरून तीनला यायचं? त्यापेक्षा मी गाणंच बंद केलं. दामूअण्णांशी बोलणंही. निरोपाच्या मैफलीलाही पेटीवर दुसरेच बसले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तो पीळ म्हणजे मी.

तर अशा पिळदार अवस्थेत मला गाडीत कोंबून नेलं शरयूताईंनी. शरयूताई मूळच्या नागपूरच्या. वय सत्त्याहत्तर. पन्नास वर्षांपूर्वी या देशात आल्या, भूलतज्ज्ञ म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहेत आणि मेघनाच्या शेजारी राहतात. शुक्रवारी संध्याकाळी ओक ट्री रोडवर आम्ही दिवाळीचं सामान घेत होतो, तेव्हा साड्यांच्या दुकानासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "उद्या फॉल कलर्स बघायला जाऊ. तुम्ही घरात बसून काय करून राहिल्या? पोरगी बोलत नाही, तुम्ही बोलत नाही. मी ड्राइव्ह करते."

फॉल म्हणजे इथला पानगळीचा मोसम. झाडं पानं टाकण्याआधी अशी लालपिवळी होतात, की आपल्याकडे लग्नघरातसुद्धा एवढं कोणी नटत नाही.

शनिवारी पहाटे निघालो. शरयूताईंची गाडी ट्रकच्या धाकट्या बहिणीएवढी, आणि त्या स्वतः स्टिअरिंगच्या वर जेमतेम दिसतात. रस्ता सांगणाऱ्या मशीनमधल्या बाईशी त्यांचं हाडवैर आहे. ती म्हणाली उजवीकडे, की या म्हणणार, "काहून? मी इथे चाळीस वर्षं ड्राइव्ह करून राहिली, तू मला शिकवते का?" आणि डावीकडे वळणार. मग ती बाई बिचारी पुन्हा पहिल्यापासून सांगणार. न चिडता, न दमता, एका पट्टीत. मी मनातल्या मनात तिला दाद दिली. पहिला तासाभराचा रस्ता दोन तासांत झाला.

न्याहारीला एका डायनरमध्ये (हमरस्त्यावरची खानावळ) थांबलो. वेट्रेसने बसताक्षणी बर्फाने भरलेले दोन ग्लास आणून आपटले. मी म्हटलं, बर्फ नको. तिने दुसरा ग्लास आणला, त्यात थोडा कमी बर्फ. मी म्हटलं, अजिबात नको, गरम पाणी द्या. तिने माझ्याकडे बघून अत्यंत हळुवारपणे विचारलं, "तब्येत बरी नाही का, हनी?"

"गायिका आहेत त्या," शरयूताईंनी सांगून टाकलं.

"होते," मी म्हणाले.

शरयूताईंनी पर्समधून लसणीच्या चटणीची बाटली काढली आणि बटाट्याच्या काचऱ्यांवर ओतली. मग चमचा माझ्यावर रोखून म्हणाल्या, "एक विचारू? माझा हात थरथरायला लागला, त्या दिवशी मी सुई सोडली. बरोबर केलं. पेशंट मेला असता नं! तुमच्या 'सा'नं कोण मरते?"

मेपलचं सिरप (झाडाच्या चिकापासून आटवलेला पाक) घातलेली धिरडी मी गुपचूप खात राहिले. वाईट नसतात, पण त्यांना गूळ कळलेला नाही.

अकराच्या सुमारास आम्ही त्या गावात पोचलो. एकच मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना विटांच्या इमारती, मागे नदी आणि नदीपलीकडे पेटल्यासारखा लाल डोंगर. शरयूताईंना बाथरूम हवं होतं आणि मला चहा. मिळाला तो एक बोर्ड: 'ऑपेरा हाऊस. शनिवारी अकरा वाजता दाखवले जाईल.'

ऑपेरा म्हणजे यांचं संगीत नाटक. मी म्हटलं, असल्या एवढ्याशा गावात संगीत नाटकाचं थिएटर? मग चहाबिहा विसरले मी.

थिएटर होतं हार्डवेअरच्या दुकानाच्या डोक्यावर. खाली खिळे, वर गाणं. दाराशी वॉल्ट नावाचे आजोबा उभे होते, शाळेतले निवृत्त बँड मास्तर. प्रेक्षक आम्ही दोघीच. त्यांनी आधी नियम सांगितले: मेणबत्ती नाही, सिगारेट नाही. इमारत आतून लाकडी आहे, आणि धुराची नवी यंत्रं याच उन्हाळ्यात बसवली आहेत, फार तिखट आहेत. हे सांगताना त्यांची छाती अभिमानाने फुगली होती. वाचकांनी हे लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

जिन्याला बत्तीस पायऱ्या आणि तीन टप्पे. वॉल्टचे गुडघे दुखत, शरयूताईंचा एक बदललेला, माझे दोन्ही बदलायला झालेले. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर आम्ही टेकत होतो, आणि प्रत्येक टप्प्यावर वॉल्ट भिंतीवरच्या चित्रांतल्या एका बाईची गोष्ट थोडी थोडी सांगत होते. एकोणिसाव्या शतकातली सोप्रानो (सगळ्यात वरच्या पट्टीत गाणारी गायिका), याच गावची, लव्हिनिया पेनहॅलो. मी तिला पहिल्या पायरीपासून लव्हिनियाबाईच म्हणायला लागले. गळ्यात सूर असलेल्या बाईला नुसतं नावाने हाक मारणं आमच्यात बसत नाही.

पहिला टप्पा. लव्हिनियाबाईंचा बाप नदीपलीकडे चामडं कमावण्याच्या कारखान्यात मुकादम. पोरगी अलीकडच्या काठावर उभी राहून त्याला जेवायला हाक मारायची, आणि ती हाक नदी ओलांडून, कारखान्याच्या खडखडाटातून नेमकी बापाच्या कानात पोचायची. पाद्रीबाईंनी ती ऐकली आणि मुलीला चर्चमध्ये गायला लावलं. एकोणिसाव्या वर्षी ती एका मावशीला घेऊन इटलीला शिकायला गेली.

"आणि परत आली," वॉल्ट गुडघा चोळत म्हणाले, "ती सिन्योरा लाविनिया पेनाली होऊन."

"लग्न केलं का तिथं?" शरयूताईंनी विचारलं.

"नाही हो. तेव्हा लोकांना सोप्रानो इटालियनच हवी असायची. मग काय, जन्म पेनसिल्व्हेनियातला, आणि वार्ताहरांशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलायची."

मला बाई आवडायला लागल्या.

दुसरा टप्पा. इथे त्यांचं मोठं तैलचित्र होतं. पोक्त अंग, दोन हनुवट्या, आणि खांद्यावर हिरवा पोपट. बाई वीस वर्षं आगगाडीच्या खास डब्यातून देशभर फिरल्या. रोज संध्याकाळी स्टेजवर क्षयाने मरायच्या. मरताना पाऊण घटका गायच्या आणि मग उठून लोकांना अभिवादन करून दणकून जेवायच्या. मला हसू आलं, पण बोलायला तोंड नव्हतं. आमच्याकडे वनवासाला निघालेला नायक तीन पदं झाल्याशिवाय विंगेत जात नाही.

बाईंनी तीन लग्नं केली. पहिला वाद्यवृंदाचा मास्तर, दुसरा ठेकेदार, तिसरा दातांचा डॉक्टर. वॉल्टच्या मते तिसराच चांगला निघाला. "कारण तो त्यांना तोंड उघडायला सांगायचा, मिटायला नाही."

पोपटाची गोष्ट मात्र मला चटका लावून गेली. तो बाईंच्या रियाजाला बसायचा, आणि गाण्यातला फक्त सगळ्यात वरचा सूर त्याने उचलला होता. पुढे बाईंना तो सूर लागेनासा झाला. पोपट मात्र रोज सकाळी तो बिनचूक लावायचा. बाई पिंजऱ्यावर टॉवेल टाकून त्याला गप्प करायच्या.

शरयूताई खो खो हसल्या. मी हसले नाही.

तिसऱ्या टप्प्यावर भिंतभर जाहिराती होत्या, काचेत मढवलेल्या. पहिलीवर छापलं होतं, 'अखेरचा दौरा.' दुसरीवर, 'निश्चित अखेरचा दौरा.' तिसरीवर, 'खरोखर अखेरचा.' अशा सात! सातवीवर तर 'यानंतर कदापि नाही' असं हातभर मोठ्या अक्षरांत होतं.

"मायबाई! सात वेळा!" शरयूताई म्हणाल्या. "लाज नाही वाटली का?"

मी पोट धरून हसले. हसता हसता मला माझं मानपत्र आठवलं. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

"वर्तमानपत्रांनी फार चेष्टा केली," वॉल्ट म्हणाले. "पण मी या जाहिराती रोज पुसतो, म्हणून सांगतो. ती खोटं बोलत नव्हती. दर वेळी तिला वाटायचं, हा सूर आता गेला. मग महिनाभर घरात बसली की कळायचं, गाणं गेलेलं नाही."

सातव्या दौऱ्यात शेवटच्या मैफलीत बाईंचा आवाज फुटला. लोक उठून उभे राहिले आणि त्यांनी खूप वेळ टाळ्या वाजवल्या. वॉल्टने हे कौतुकाने सांगितलं. मला त्या टाळ्या कोणत्या जातीच्या ते कळलं.

"मग?" मी विचारलं.

"मग गावी आली. तीन वर्षं गप्प. गाणं नाही, पाहुणे नाहीत."

"मग?"

"वर चला. दाखवतो."

वर नाट्यगृह होतं. अडीचशे लाकडी खुर्च्या, घोड्याच्या नालासारखा सज्जा, आणि उंच खिडक्यांतून आत आलेला लाल डोंगराचा उजेड. स्टेज लहान, पण दिसायला कसं नेटकं. मला भरून आलं. रंगमंचासमोर आठ महिन्यांनी उभी होते मी.

कडेला काचेच्या पेटीत बाईंची गाण्यांची वही उघडून ठेवली होती. छापील सुरावटी निळ्या पेन्सिलीने खोडलेल्या आणि शेजारी हाताने नव्या लिहिलेल्या. वॉल्टने काचेवर बोट ठेवून दाखवलं: प्रत्येक गाणं बाईंनी खाली उतरवलं होतं. काही दोन सुरांनी, काही तीन. आणि समासात स्वतःलाच दटावलं होतं: 'खाली घे, लव्हिनिया. हट्ट पुरे.'

त्या काचेच्या पेटीच्या वर एक आठवी जाहिरात होती. छापील नव्हे, हाताने लिहिलेली. 'मिस पेनहॅलो शनिवारी चार वाजता गातील. नेहमीप्रमाणे.'

"इटालियन नाव टाकून दिलं," वॉल्ट म्हणाले. "त्यानंतर अकरा वर्षं दर शनिवारी गायली. कारखान्यातले लोक यायचे, कामाच्या बुटांसकट."

खाली दाराची घंटा वाजली, तेव्हा वॉल्ट म्हणाले, "मी बघून येतो. तुम्ही स्टेजवर जाऊन आवाज कसा घुमतो ते पाहा. सगळे पाहतात." आणि ते बत्तीस पायऱ्या उतरायला लागले.

आता आमच्याकडची रीत. रंगभूमीवर पाय ठेवायचा तर चपला काढायच्या, पाया पडायचं, उदबत्ती लावायची, नारळ वाढवायचा. चाळीस वर्षांत मी एकदाही हे चुकवलेलं नाही. माझ्या पर्समध्ये उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी कायम असते. निरोप घेतला म्हणून ती सवय गेली नव्हती. आणि आदल्या दिवशीचा नारळ शरयूताईंच्या भल्यामोठ्या झोळीत होता, काढायच्या कंटाळ्यामुळे.

"ते मेणबत्ती नको म्हणाले होते," मी म्हटलं.

"उदबत्ती काय मेणबत्ती आहे का? सिगारेट आहे का?" शरयूताई म्हणाल्या. "इथे शंभर वर्षांत कोणी पूजा केली नसेल, बाप्पा. एक काय लावता, पाच लावा."

मी पाच लावल्या. डोळे मिटून हात जोडले. मनात म्हटलं, लव्हिनियाबाई, तुमच्या दारी आले आहे.

आणि बाईंनी उत्तर दिल्यासारखा वर छतात एक सूर उठला! काय सांगू, थेट तारसप्तकातला. मी क्षणभर खरंच पोपट समजले. मग दुसऱ्या कोपऱ्यातून तोच सूर, मग तिसऱ्या, मग सगळी इमारत किंचाळायला लागली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"धुराचं मशीन!" शरयूताई ओरडल्या आणि झोळीने हवा घालायला लागल्या. त्याने धूर आणखी पसरला. मी उदबत्त्या विझवायला पाण्याची बाटली शोधत होते, तोवर रस्त्यावर बंबाची शिट्टी ऐकू आली. पाच मिनिटांत जिन्यावर बुटांचे आवाज, आणि वर आले सहा धिप्पाड लोक. डोक्यावर हेल्मेट, हातात नळी, आणि सर्वांत पुढे एक उंचनिंच बाई, हातात कुऱ्हाड. मागून धापा टाकत वॉल्ट. त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं तेव्हा कुठे ती किंचाळी थांबली.

माझी पाचावर धारण बसली. मी अनवाणी, हातात नारळ.

"काय जळतंय इथे?" कुऱ्हाडवाल्या बाईंनी विचारलं. त्यांचं नाव ब्रेंडा. दलाच्या प्रमुख, एरवी कोपऱ्यावरची बेकरी चालवतात. गावात सगळं दल हौशी असतं.

सांगलीच्या शाळेतलं माझं इंग्रजी अशा वेळी पळून जातं. मी म्हणाले, "प्रार्थना."

"आय ॲम अ डॉक्टर!" शरयूताईंनी मधेच जाहीर केलं. त्याचा काय संबंध ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी वॉल्टची हात जोडून माफी मागितली. ते रागावले होते, आणि का नसावेत? पण त्यांनी उदबत्तीचा वास घेतला, माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कशासाठी करतात?"

"गायच्या आधी," मी बोलून गेले.

"म्हणजे तुम्ही गाणार आहात!" ब्रेंडा म्हणाल्या.

"नाही."

"अर्थातच गाणार," शरयूताई म्हणाल्या. "फार मोठ्या गायिका आहेत. आमच्या देशातल्या लव्हिनिया." मग मराठीत, माझ्या कानाशी, "पूजा झाली नं? आता न गाता उतराल का? हिंमत असेल तर उतरा."

मेली बरोबर बोलत होती! रंगदेवतेची पूजा करून, नारळ हातात घेऊन, एक सूरही न लावता स्टेजवरून उतरायचं, असं आमच्या सात पिढ्यांत कोणी केलेलं नाही. एकीकडे सांगलीत माइकवर दिलेला शब्द, दुसरीकडे ही पूजा. ब्रेंडा म्हणाल्या, मशीन पूर्ववत व्हायला अर्धा तास लागतो, तोवर नियमाप्रमाणे आम्हाला इथेच थांबायचं आहे. आणि सहाही जण पहिल्या रांगेत बसले. हेल्मेट मांडीवर.

पहिली रांग. कऱ्हाडची पहिली रांग डोळ्यांसमोर आली माझ्या.

मी वेळ काढायला म्हटलं, "आधी नारळ वाढवावा लागतो. फोडायला दगड नाही."

ब्रेंडांनी नारळ घेतला, बाहेर जिन्याच्या दगडी उंबऱ्यावर ठेवला, आणि कुऱ्हाडीचा एकच घाव. दोन सारखी शकलं! आमच्या नाटक कंपनीत चाळीस वर्षांत इतका सरळ नारळ कोणाच्या हातून फुटला नव्हता. सगळी निमित्तं संपली.

स्टेजवर जुना पियानो होता. वॉल्ट त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, "कोणता सूर देऊ?"

त्यांना काळी पाच, काळी तीन काय कळणार? मी जवळ गेले आणि काळ्या पट्ट्या मोजल्या. माझं बोट सवयीने पाचवीवर जाऊन थांबलं. खूप वेळ थांबलं. कोणी मला घाई केली नाही. मग मी ते उचललं, चौथी ओलांडली आणि तिसरीवर ठेवलं.

"हा," मी म्हणाले.

मी नांदी गायले. नाटकाच्या सुरुवातीला देवाला आळवतात ती. निरोपाचं पद सुचलंच नाही. पहिल्या ओळीत श्वास पुरला. दुसऱ्या ओळीत मला ऐकू आलं, की खालच्या पट्टीत माझ्या आवाजात एक दाणा आहे, जो वर कधी दिसलाच नव्हता. आणि मग तो सा आला. वरचा. मी डोळे मिटले आणि लावला. लागला! गोल, साधा, न फाटता. सज्ज्यापर्यंत गेला, खिडक्यांपर्यंत गेला आणि परत माझ्याकडे आला. मी रडत होते, आणि मी ते लपवलं नाही.

गाणं संपलं. आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या शरयूताई खुर्चीवर मूठ आपटून ओरडल्या, "वन्स मोअर!"

ब्रेंडा चमकल्या. "तुम्ही असं ओरडता? आम्ही 'आँकोर' म्हणतो."

म्हणजे बघा, इंग्रजी बोलणारे हे लोक फ्रेंचमध्ये ओरडतात, आणि आम्ही मराठी माणसं इंग्रजीत. दोघांनाही आपल्या भाषेत मागायची लाज. हे मी त्यांना समजावलं तेव्हा वॉल्ट पियानोवर डोकं टेकून हसले. मग सहाही बंबवाले उठून उभे राहिले आणि त्यांनी एका सुरात मागणी केली, "वन्स मोअर!" दयेचा मागमूस नव्हता त्यात. त्यांना खरंच पुन्हा ऐकायचं होतं. मी पुन्हा गायले. नंतर सर्वांनी खोबरं खाल्लं. ब्रेंडांनी उरलेलं बेकरीसाठी मागून घेतलं.

परतीच्या वाटेवर मशीनबाई म्हणाल्या डावीकडे, शरयूताई चक्क डावीकडे वळल्या. "आज तिलाही जिंकू देते," त्या म्हणाल्या.

घरी पोचलो तर मेघना दारातच उभी. शरयूताईंनी वाटेतून फोन केलेला. "आई, फायर ब्रिगेड? खरंच?"

"पत्रिकेत माझं नाव घाल परत," मी म्हटलं. "आणि दोन नाही, चार पदं. फक्त पेटीवाल्याला काळी तीन सांग."

ती गळ्यात पडली. चार दिवसांचा अबोला माझ्या खांद्यावर ओला झाला.

डिसेंबरात सांगलीला परतले. बॅग न उघडता दामूअण्णांकडे गेले. त्यांनी दार उघडलं. बरोबर वर्षभराने आम्ही एकमेकांसमोर उभे होतो. शब्द जुळवून गेले होते, ते सगळे विसरले.

"काळी तीन," मी म्हणाले.

"आधी चहा घेता का?" ते म्हणाले, आणि आत जाऊन पेटीवरचं फडकं काढायला लागले.

लव्हिनियाबाईंना लोक हसले, मीही हसले. पण आता वाटतं, जिने सात वेळा निरोप घेतला ती सात वेळा परतही आली. तो हिशेब कोणी मांडत नाही. मी तर अजून एकच निरोप घेतला आहे.

गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी आपटे घाम पुसत आले. "वसुधाताई, हे काय ऐकतोय मी? आम्ही निरोप दिला तुम्हाला! मानपत्र दिलं! लोक काय म्हणतील?"

मी कपाटातून मानपत्र काढलं, शाल काढली, घडी नीट केली आणि दोन्ही त्यांच्या हातात ठेवली.

"हे घेऊन जा, आपटे. नारळ तेवढा परत मागू नका. त्याच्या वड्या झाल्या, आणि त्यातल्या चार तुम्हीच खाल्ल्यात."